भूमिहीनांचे दादासाहेब

दरवर्षी 14 एप्रिलला महूला जाणाऱ्या गाड्यांनी इंदूरचे स्टेशन भरून जाते. बाबासाहेबांच्या जन्मभूमीला जाणाऱ्या त्या गर्दीत नाशिक, खानदेश, मराठवाड्याकडची शेतमजूर कुटुंबे पुष्कळ असतात. त्यांच्या घरी बाबासाहेबांच्या बरोबरीने आणखी एक नाव आदराने घेतले जाते, ते कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे. आपल्या मंडळातील नव्या पिढीला ते फारसे ठाऊक नाही, म्हणून हा परिचय.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याची स्थानिक धुरा त्यांनी वाहिली. हा लढा पाच वर्षे रेंगाळला आणि मंदिर काही उघडले नाही. पुढे 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, त्या परिषदेमागेही दादासाहेबांची मेहनत होती. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र जमिनीचे. महार वतनाची जमीन, जिला हाडोळा म्हणत, ती गावची व सरकारची चाकरी करण्याच्या बदल्यात मिळे. तुकडा लहान आणि राबणूक रात्रंदिवस. मुंबई राज्याने 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द केली. पण ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचे काय? आयुष्याच्या अखेरीस बाबासाहेबांनाही हीच चिंता लागून राहिली होती.

दादासाहेबांनी हा प्रश्न हाती घेतला. 1959 मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. मग 6 डिसेंबर 1964 पासून, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, ही मुख्य मागणी. शेतमजुरांना किमान वेतन मिळावे आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, याही मागण्या होत्या. 3 लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले असे सांगतात. बायका कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी बोलणी केली आणि फेब्रुवारी 1965 मध्ये सत्याग्रह थांबला. तैलचित्र लागायला मात्र 1990 साल उजाडले.

दादासाहेब 1957 ते 1962 लोकसभेत आणि पुढे 1968 पर्यंत राज्यसभेत होते. 1968 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धोतर नेसणारा, खेडुतांच्या भाषेत बोलणारा हा नेता पक्षातील काही शिकलेल्या मंडळींना रुचला नाही. रिपब्लिकन पक्ष फुटला, काँग्रेसशी केलेल्या युतीबद्दलही त्यांच्यावर टीका झाली. 29 डिसेंबर 1971 रोजी ते गेले.

जमिनीची ही भूक आपल्याच देशातली नाही. अमेरिकेत 1865 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस एकर जमिनीची आशा दाखवली गेली, आणि त्याच वर्षी ती जमीन बहुतेकांकडून काढून घेतली गेली. मग त्यांना जुन्या मालकांच्याच शेतात वाट्याने राबावे लागले. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केले होते, हे इथे आठवते.

आम्ही बँकेत आयुष्य काढले, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. शेतीकर्जाच्या अर्जाबरोबर पहिला कागद मागतात तो जमिनीचा. महाराष्ट्रात सातबारा, आपल्याकडे खसरा-खतौनी. ज्याच्या नावे जमीन नाही त्याला पीककर्ज मिळणे कठीण, मग सावकाराची पायरी आलीच. आणि पट्टा मिळाला तरी ताबा मिळेलच असे नाही. कागदावर जमीन एकाची आणि नांगर दुसऱ्याचा, अशी प्रकरणे आपल्या माळव्यातही ऐकायला मिळतात.

महाराष्ट्र सरकार आज दादासाहेबांच्या नावाने एक योजना चालवते. तीत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या सभासदांपैकी ज्यांचे नातेवाईक महाराष्ट्रात आहेत, त्यांनी आपल्या गावच्या शेतमजुरांपर्यंत ही माहिती जरूर पोचवावी. समाज कल्याण कार्यालयात तिची चौकशी करता येते. दादासाहेबांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.