खडकीचा सेनानी आणि युद्धाचा हिशेब

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी चीनमधील वू राज्याच्या सेवेत असलेल्या सुन त्झू या सेनानीच्या नावावर युद्धशास्त्राचा एक छोटा, तेरा प्रकरणांचा ग्रंथ आहे. आज तो व्यवस्थापनाच्या अभ्यासवर्गांत आणि पुस्तकांच्या दुकानांत यशाची गुरुकिल्ली म्हणून खपतो. वाचक त्यातून बहुधा प्रतिस्पर्ध्याला चकविण्याच्या युक्त्या तेवढ्या वेचतात. वस्तुतः त्या ग्रंथाचा गाभा हिशेबाचा आहे. सैन्य पोसण्यास खर्च किती, धान्य किती दूरवरून आणावयाचे, युद्ध लांबले तर रयतेचे काय होणार, हे प्रश्न त्यात वारंवार येतात. न लढता जिंकणे श्रेष्ठ हा सिद्धान्तही त्यांतूनच निघतो. हाच हिशेब दख्खनच्या भूमीवर प्रत्यक्ष मांडणारा पुरुष छत्रपती संभाजीनगरच्या जवळच, खुलताबादेत विसावला आहे. मलिक अंबरने सुन त्झूचे नाव ऐकले असल्याचा कोणताही पुरावा नाही. त्याला हे शास्त्र परिस्थितीने शिकविले.

सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला हा मुलगा बालपणीच गुलामांच्या बाजारात विकला गेला. एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात तो अरबस्तान व बगदादमार्गे दख्खनला पोहोचला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा मंत्री चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा मंत्री स्वतःही हबशी वंशाचाच होता. त्याच्या सेवेत राज्यकारभार, सैन्य आणि महसूल यांचे आतले व्यवहार अंबरला जवळून पाहता आले. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याला स्वातंत्र्य मिळाले. विजापूरच्या चाकरीत मलिक ही पदवी मिळवून, स्वतःचे छोटे घोडदळ उभारून तो पुन्हा निजामशाहीकडे परतला.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राजधानी गेली आणि सुलतान कैदेत पडला. अशा वेळी अंबरने परांडा येथे राजघराण्यातील मुर्तजा यास गादीवर बसविले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. समोर अकबराचे व पुढे जहांगीराचे साम्राज्य होते. मनुष्यबळ, पैसा, तोफखाना यांपैकी कशातही बरोबरी होण्यासारखी नव्हती. मोकळ्या मैदानातील लढाई म्हणजे आत्मघात, हे त्याने ओळखले आणि शत्रूचे प्रचंड सामर्थ्यच त्याला कसे महाग पडेल हे पाहिले. हत्ती, तोफा, तंबू आणि बाजारबुणगे घेऊन चालणाऱ्या मोगल फौजेला रोज धान्य व वैरण लागे, आणि तिची रसद लांबच्या वाटेने येई. अंबरची हलकी मराठा व हबशी घोडदळे त्या वाटा तोडीत, छावणीभोवती घिरट्या घालीत आणि मोठी फौज अंगावर येताच डोंगरांत नाहीशी होत. १६१२ मध्ये गुजरातेतून अब्दुल्लाखान आणि वऱ्हाडाकडून दुसरी फौज अशी दुहेरी चाल झाली. अब्दुल्लाखान दुसऱ्या फौजेची वाट न पाहता पुढे घुसला. दोन्ही फौजा एकत्र येण्यापूर्वीच अंबरने त्याला इतके सतावले की, त्याला गुजरातेत परत फिरावे लागले. शहरातील भडकल दरवाजा त्याच विजयाचे स्मारक मानला जातो.

तथापि अशा युद्धासाठी पाठीशी पोटभर जेवणारा मुलूख हवा. अंबरचे खरे मोठेपण येथे दिसते. त्याने महसुलाची मक्तेदारी बंद केली, जमिनीची पाहणी करून प्रतवारी लावली आणि प्रत्यक्ष पिकाच्या प्रमाणात सारा ठरविला. प्रारंभी सरकारचा वाटा उत्पन्नाच्या दोन पंचमांश असे व तो धान्यात घेतला जाई. पुढे तो रोख, सुमारे एक तृतीयांश, असा झाला. मक्तेदार उद्याचा विचार करीत नाही. निश्चित दराने सारा भरणारा शेतकरी मात्र पुढच्या वर्षाचे बियाणे राखून ठेवू शकतो. म्हणूनच मलिकंबरी धारा हे नाव महाराष्ट्राच्या महसुली परंपरेत त्याच्यामागेही टिकले.

१६१० मध्ये त्याने खडकी गावी नवी राजधानी वसविली. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरांतील झरपाणी जमिनीखालील नहरीने, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. ही नहर-ए-अंबरी शतकानुशतके वाहत राहिली. जे शहर आज जायकवाडीचे पाणी उपसून आणते आणि ज्याने नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने येणारे पाणी वर्षानुवर्षे सोसले, त्याने या नहरीवर बांधकामे होऊ दिली, हे खेदाने नमूद करावे लागते.

अंबर अजिंक्य नव्हता. १६१६ मध्ये काही मराठे सरदार मोगलांना मिळाले, रोशनगावी त्याचा पराभव झाला आणि खडकी जाळली गेली. १६१७ व १६२१ मध्ये शाहजादा खुर्रमपुढे नमून त्याला मुलूख सोडावा लागला. माघार ही त्याच्या लेखी नामुष्की नव्हती; हातचे बळ वाचविण्याचा तो एक मार्ग होता. त्याचे फळ १६२४ मध्ये भातवडीला दिसले. मोगल व विजापूर यांच्या संयुक्त फौजेला त्याने चिखलात आणि उपासमारीत रखडविले, तलावाचा बांध फोडून पाणी छावणीत सोडले आणि मग निर्णायक हल्ला केला. शहाजीराजे भोसले या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच धारातीर्थी पडले.

१६२६ मध्ये, वयाच्या सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अंबर मरण पावला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत त्याचा मुलगा फत्तेखान याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. शत्रूची रसद, स्वतःचा खजिना आणि डोंगराच्या वाटा यांचा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या या पुरुषाने एक रकाना कोरा ठेवला होता. सारा डोलारा त्याच्या एकट्याच्या शहाणपणावर उभा होता आणि ते पुढे चालविणारी घडी त्याच्यामागे उरली नाही. त्याने राखलेले सिंहासन त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षेच टिकले; रयतेशी ठरवलेला धारा, जमिनीखालची नहर आणि दुर्बळाने बलाढ्याशी झुंजण्याची रीत मात्र टिकली. ही रीत पुढे सह्याद्रीत शहाजीराजांच्या पुत्राने परिपूर्णतेस नेली.

प्राचीन युद्धनीतीचा आजच्या आयुष्याशी संबंध शोधणाऱ्याने हा ताळेबंद अवश्य पाहावा. तुटपुंज्या पगारात घर चालविणारा कारकून असो, मोडकळीस आलेली शाळा सांभाळणारा शिक्षक असो वा दुसऱ्याच्या शर्यतीत धाप लागेपर्यंत धावणारा विद्यार्थी असो, प्रत्येकापुढे अंबरचेच प्रश्न आहेत. आपले बळ कोठे खर्च करावयाचे, कोणती लढाई सोडून द्यावयाची आणि आपल्यामागे चालेल असे काय उभे करावयाचे? दुसऱ्यावर मात करण्याच्या युक्त्या बाजारात विकत मिळतात. या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र ज्याची त्यालाच मांडावी लागतात.