मगनवाडीचा हिशेबनीस

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस, म्हणजेच जे. सी. कुमारप्पा, ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका ख्रिस्ती घरात जन्मले. (घर प्रोटेस्टंट, पण आम्हा कॅथलिकांनीही त्यांना आपलं म्हणायला हरकत नाही!) लंडनला हिशेबतपासणी शिकले, मुंबईत ऑडिटर झाले. १९२७ ला अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी इंग्रज सरकारचा कर आणि खर्च तपासला, आणि हिंदुस्थान गरीब का, याचं उत्तर त्यांना त्या आकड्यांतच सापडलं. १९२९ मध्ये गांधीजी भेटले. सूट गेला, खादी आली.

काटेकोरपणा मात्र तोच राहिला. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधीजींसोबतच्या मंडळींचा खर्चसुद्धा त्या पैशातून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. मला हा माणूस इथंच आवडायला लागला.

त्याच वर्षी ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्यांचं घर झालं. तेलघाणी, हातकागद, मधमाशा, सगळं तिथं.

१९४२ नंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथं त्यांनी एक पुस्तक येशूवर लिहिलं, दुसरं ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’. कोळसा, पेट्रोल म्हणजे साठा: वापरला की संपला. लाकूड, शेण म्हणजे प्रवाह: बेतानं घेतलं तर पुन्हा येत राहतं. साठ्यावर उभा राहिलेला समाज शेवटी त्यासाठी भांडतो, असं त्यांचं म्हणणं. आंबराईत शिरून फळं ओरबाडणाऱ्या माकडांचं उदाहरण ते देतात. लावलं काही नाही, नेलं सगळं.

हे वाचताना मला आमचं मोहगाव दिसत होतं. सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात संत्र्याचा हिशेब बहार किती रुपयांना गेला, एवढाच असतो. बोअर किती फूट खाली गेली, ते वहीत कुठंच नसतं. पालापाचोळा पेटवतात, मग युरियाची पोती आणतात. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून, म्हणजे साठ्यातून. तोच पाला आणि जुनं शेण सावलीतल्या टाक्यात भरून गांडुळं सोडली, ओल राखली, की दोन-तीन महिन्यांत चहापत्तीसारखं खत होतं. एका टाक्यानं अख्खा बगिचा भागत नाही, असं बाबा म्हणतात, ते खरंच आहे. पण मग जळालेल्या पाल्याची किंमत कुणाच्या खात्यात मांडायची?

स्वातंत्र्यानंतर मोठ्या कारखान्यांच्या धोरणाशी त्यांचं जमलं नाही. अखेर ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गेले. ३० जानेवारी १९६० ला वारले, गांधीजींच्याच तारखेला. १९७३ मध्ये शूमाखर यांनी ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ मध्ये त्यांचा आधार घेतला.

मगनवाडीतलं १९३८ चं संग्रहालय अजून आहे. सुट्टीत जायचं ठरवलंय, मंडळातल्या कुणाला यायचं असेल तर सांगा.