जेम्स जॉन बर्कले

जेम्स जॉन बर्कले (२१ ऑक्टोबर १८१९ – २५ ऑगस्ट १८६२) हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे पहिले मुख्य अभियंता होते. पिंपळे गुरवजवळच्या कासारवाडी स्थानकावरून जाणारा पुणे–मुंबई लोहमार्ग मुळात त्यांच्या आखणीचा आहे.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली अनुभव घेऊन ते १८५० मध्ये मुंबईस आले. १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झालेला मुंबई–ठाणे मार्ग त्यांच्याच देखरेखीखाली झाला. त्यांची खरी कसोटी मात्र बोरघाटात लागली.

सुमारे २५ किलोमीटरांत ५५८ मीटर उंची गाठायची होती. सर्वांत तीव्र चढ ३७ स एक होता, तर काही वळणांची त्रिज्या अवघी १५ साखळ्या, म्हणजे सुमारे ३०० मीटर होती. चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे होते. अशा उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी, घर्षण वगळल्यास, एका किलोमीटरात २७ मीटर खाली येते. तेवढ्या स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होऊन वेग ताशी सुमारे ८३ किलोमीटर होतो. हा वेग वाढवते ते रुळांच्या दिशेतील गुरुत्वीय बल. वळणाच्या मध्याकडे लागणारे अभिकेंद्री बल गतीला लंब असल्याने कार्य करत नाही, केवळ दिशा बदलते. ते रुळांनीच चाकांना पुरवावे लागते. वरील वेगाला ते गाडीच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक भरते. वेग निम्मा ठेवल्यास ऊर्जा आणि हे बल दोन्ही चौथाईवर येतात. घाटात ब्रेकला एवढे महत्त्व होते, ते यामुळेच.

डोंगराच्या सोंडेवर तीव्र वळण घेण्याऐवजी बर्कले यांनी रिव्हर्सिंग स्टेशनची योजना केली. तेथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढे निघे. थांबलेल्या गाडीस वळणाचे बल लागत नाही, हा या योजनेचा साधा पण मोठा फायदा. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर हे स्थानक वापरातून गेले.

घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी उठाव केला व कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल लवकरच वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट निभावले. एके काळी ४२,००० हून अधिक मजूर येथे राबत होते. रोगराई आणि अपघात यांत त्यांच्यापैकी हजारो दगावले. 

प्रकृती ढासळल्याने बर्कले १८६१ मध्ये इंग्लंडला परतले व पुढील वर्षी निवर्तले. बोरघाटातून पहिली गाडी धावली ती २१ एप्रिल १८६३ रोजी.