हुरड्याच्या दाण्यातलं चार्जिंग आणि कमला सोहोनी

सातारा-सांगलीकडे थंडीत हुरडा खाल्लाच असेल. ज्वारीचा कोवळा दाणा गोड लागतो, मग पिकल्यावर गोडी कुठे जाते? मी सॉफ्टवेअरवाला, पण याचं उत्तर वाचता वाचता मला कमला सोहोनी भेटल्या.

कोवळ्या दाण्यात साखर असते. दाणा भरताना एन्झाइम तिचं स्टार्च बनवतात. एन्झाइम म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया झटपट घडवणारी प्रथिनं. अनेक एन्झाइमना कोफॅक्टर नावाचा छोटा जोडीदार लागतो. फोन कितीही भारी असू दे, सिमशिवाय कॉल लागत नाही, तसंच. शिवाय या कामाला चार्जिंग हवं, ते म्हणजे एटीपी. ते बनवताना सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन इलेक्ट्रॉन पुढे पोचवतं. त्यातलं लोह म्हणजे त्याचं सिम.

हे सायटोक्रोम सी वनस्पतींतही असतं, हे कमलाबाईंनी केंब्रिजला बटाट्यावर काम करताना दाखवलं. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

पण तिथवर पोचणं सोपं नव्हतं. जन्म १९११ चा, इंदूरचा. माहेरचं आडनाव भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी बीएससी झाल्या आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. नोबेल विजेते! त्यांनी नकार दिला. मार्क कमी होते म्हणून नाही, त्या मुलगी होत्या म्हणून. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष काम बघू, मगच ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. अट अपमानाचीच होती. त्यांनी ती मान्य केली आणि कामाने रामन यांचं मत बदललं. पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला.

परदेशी न थांबता त्या भारतात परतल्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरा आणि कडधान्यांवर संशोधन केलं. कच्च्या वालात आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारी प्रथिनं असतात. त्यांचाही त्यांनी अभ्यास केला. वाल नीट शिजवून खायचे, यामागे हेही एक कारण आहे. पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

रामन यांचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ असतं. कमलाबाईंचं मला इंजिनिअरिंग संपल्यावर कळलं. तुम्हाला आजच कळलं असेल, तर एका मैत्रिणीला नक्की सांगा.