उलटी फिरणारी मोटर आणि टेस्ला

बी.ई.च्या प्रोजेक्टला आम्ही चौघांनी छोटं सीएनसी मिलिंग मशीन बनवायला घेतलं होतं. तीन ॲक्सिस, तीन स्टेपर मोटर, प्रत्येकीला चार वायरी. सबमिशनला आठ दिवस उरले असताना पहिल्यांदा पॉवर दिली आणि डावीकडे जा सांगितलं, तर एक्स ॲक्सिसची स्वारी उजवीकडे निघाली! वाय ॲक्सिस तर त्याहून भारी. कधी पुढे, कधी मागे, बाकी वेळ जागच्या जागी थरथर. एक्सच्या चारही वायरी उलट्या करून पाहिल्या, तरी मोटर पुन्हा उजवीकडेच. लॅबच्या मामांनी नुसती मान हलवली.

त्या रात्री होस्टेलवर मोटरचं पुस्तक उघडलं आणि निकोला टेस्लापाशी अडकलो. खरं तर सुटलो.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा. गाव स्मिल्यान, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, आज क्रोएशियात. वडील धर्मगुरू, मुलानंही तेच व्हावं ही त्यांची इच्छा. मुलगा कॉलऱ्यातून जेमतेम वाचला तेव्हा कुठे त्यांनी इंजिनिअरिंगला होकार दिला. (आपल्याकडे नेमकं उलटं असतं!) १८७५ मध्ये तो ग्राझच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. तिथे प्रा. पोशल यांनी वर्गात ग्रामचं डीसी मशीन चालवून दाखवलं. ब्रश आणि कम्युटेटरमध्ये ठिणग्या उडत होत्या. हा कम्युटेटर काढूनच टाकता येईल, असं टेस्लाने सुचवलं. सरांनी ते कसं अशक्य आहे हे सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं. विषय संपला. पुढे अभ्यास सुटला, जुगाराचा नाद लागला आणि पदवी न घेताच त्याने ग्राझ सोडलं.

डोक्यातला किडा मात्र गेला नाही. १८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत सिगेती नावाच्या मित्राबरोबर फिरताना त्याला उत्तर सुचलं, आणि काठीने मातीतच त्याने आकृती काढली. कल्पना अशी : दोन कॉइल एकमेकींना काटकोनात ठेवा. दोन्हींत एसी करंट सोडा, पण एक दुसऱ्याच्या पाव सायकल पुढे. एकीचा जोर ओसरतो तेव्हा दुसरीचा चढतो, आणि चुंबकीय क्षेत्रच गोल फिरू लागतं. रोटर त्याच्या मागे धावतो. ना ब्रश, ना कम्युटेटर, ना ठिणग्या.

हे वाचलं आणि मी टेबलावर हात आपटला. आमच्या स्टेपरमध्येही दोनच कॉइल होत्या! ड्रायव्हर त्यांना क्रमाने करंट देतो. म्हणजे दिशा कुठल्याच एका कॉइलमध्ये नसते, कोण आधी आणि कोण नंतर यात असते. एकाच कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल केली की क्रम उलटतो. दोन्ही कॉइलच्या वायरी उलट्या केल्या तर दोन उलट्यांचं सुलट! आम्ही संध्याकाळभर तेच करत बसलो होतो.

टेस्लाला मात्र एवढ्यावर यश मिळालं नाही. १८८३ मध्ये त्याने स्ट्रासबर्गला मोटर बनवून फिरवून दाखवली, पैसे घालायला कोणी पुढे आलं नाही. १८८४ ला न्यूयॉर्क गाठलं, काही महिने एडिसनकडे नोकरी केली. नंतर स्वतःच्या नावाच्या कंपनीतूनच बाहेर पडायची वेळ आली, आणि १८८६-८७ च्या सुमारास पोटासाठी रोजंदारीवर खड्डे खणावे लागले. शेवटी १ मे १८८८ ला मोटरची पेटंट हातात पडली. त्याच वर्षी तिकडे इटलीत गॅलिलिओ फेरारिसनेही स्वतंत्रपणे हेच तत्त्व प्रसिद्ध केलं होतं. पेटंट वेस्टिंगहाउसने घेतली, तरी घोडं अडलंच. त्यांची वीज सिंगल फेज, सेकंदाला १३३ सायकलची. एकाच फेजने क्षेत्र फिरत नाही, नुसतं मागेपुढे धडधडतं. त्याला दिशाच नसते.

दिशाच नसते! हाच तर आमचा वाय ॲक्सिस. सकाळी लॅब उघडताच मल्टिमीटर लावला. एका कॉइलला काही ओहम, दुसरी चक्क ओपन. टेबलाबरोबर सारखी वाकणारी एक वायर आतून तुटली होती, बाहेरून प्लास्टिक शाबूत. वायर बदलली, एक्सची एकच जोडी उलटी केली. दोन्ही ॲक्सिस सुतासारखे सरळ!

पुढचं टेस्लाचं आयुष्य म्हणजे मोठा चढ आणि मोठा उतार. १८९६ मध्ये नायगाराची वीज त्याच्या पद्धतीने बफेलोला पोचली. नंतर बिनतारी विजेचा वॉर्डनक्लिफचा टॉवर पैशाअभावी रखडला, १९१७ मध्ये पाडला गेला. ७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीत तो एकटाच गेला. १९६० पासून चुंबकीय क्षेत्राचं एकक त्याच्या नावाने आहे.

तर ज्युनिअर मंडळी, मोटर उलटी फिरली की प्रोग्रॅमला शिव्या घालू नका. पॉवर बंद करा, ड्रायव्हरपासून वायरी सोडवा आणि मल्टिमीटरने आधी दोन जोड्या ओळखा. चालू ड्रायव्हरवरून वायर ओढाल तर ड्रायव्हर जाईल, आमचा एक गेला! आणि आठ दिवसांत धीर सुटायला लागला तर आठवा, मातीतली आकृती ते पेटंट यात सहा वर्षं गेली होती, त्यातली काही खड्डे खणण्यात.