नाना चौक ते पिला हाऊस : एका नाटकशाळेचे धनी

ग्रँट रोड स्थानकाच्या पश्चिमेला नाना चौक, तर पूर्वेला पिला हाऊस. दोहोंमधले अंतर पायी फार नाही. पण एक नाव मुंबईकर अभिमानाने घेतो, तर दुसरे घेताना त्याचा आवाज आपोआप खाली येतो. ही दोन्ही नावे एकाच माणसाची आठवण सांगतात, हे मात्र रोज तेथून जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. तो माणूस म्हणजे नामदार जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, मुंबईचे नाना.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. घराणे मूळचे मुरबाडचे. वडील शंकरशेट यांनी व्यापारात अमाप संपत्ती मिळवली होती. १८२२ मध्ये ते निवर्तले आणि अवघ्या एकोणिसाव्या वर्षी सारा कारभार नानांच्या हाती आला. ही संपत्ती केवळ राखण्यात आयुष्य घालवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र ती शहराच्या कारणी लावली. शिक्षण मंडळ, मुलींची शाळा, सतीबंदीला पाठिंबा, १८५२ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे असोसिएशन आणि रेल्वे अशा प्रत्येक कामात ते अग्रभागी होते. या कामांचा उल्लेख नेहमी होतो. त्यांच्या नाटकशाळेविषयी मात्र कमी बोलले जाते.

मुंबईतील इंग्रजांची जुनी नाटकशाळा किल्ल्यात, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात होती. १७७६ मध्ये उभी राहिलेली ही इमारत कर्जात बुडाली आणि १८३५ मध्ये विकावी लागली. नव्या नाटकशाळेसाठी शहरातील प्रतिष्ठित इंग्रज व एतद्देशीय मंडळींनी सरकारकडे अर्ज केला. प्रश्न जागेचा होता. तो नानांनी सोडवला. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचे नाव लाभलेल्या नव्या रस्त्यावरील आपली जमीन त्यांनी देऊ केली आणि १८४६ मध्ये ग्रँट रोड थिएटर उघडले.

ज्यांच्या करमणुकीसाठी हा खटाटोप झाला, त्या साहेबांना मात्र जागा गैरसोयीची वाटली. ग्रँट रोड तेव्हा गावाबाहेर होता. किल्ल्यातून रात्री एवढ्या लांब येण्याची त्यांची तयारी नव्हती. मूळ उद्देशाच्या दृष्टीने नाटकशाळा फसल्यासारखीच होती. परंतु गिरगाव आणि आसपासच्या एतद्देशीय वस्तीला ती जवळची होती. साहेबांनी पाठ फिरवली आणि रंगमंच शहराला मोकळा झाला.

याच सुमारास सांगलीकर विष्णुदास भावे अडचणीत होते. १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगवून त्यांनी मराठी नाटकाचा पाया घातला होता. पण आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये वारले आणि मंडळींचा राजाश्रय सुटला. पोटासाठी दौऱ्यावर निघालेले भावे मुंबईत आले. नाना आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांनी त्यांची पाठराखण केली. १८५३ मध्ये भावे यांचे खेळ ग्रँट रोडच्या रंगमंचावर झाले. दरबाराच्या कृपेवर जगणारे नाटक तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांच्या बळावरही जगू शकते, हे येथे सिद्ध झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीने याच ठिकाणी रुस्तुम-सोहराबचे आख्यान रंगवले. त्याआधी एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली होती. ती चालवणाऱ्या रेल्वे कंपनीच्या पहिल्या भारतीय संचालकांमध्येही नाना होते.

अशा माणसालाही संशयातून जावे लागले. १८५७ च्या उठावानंतर बंडवाल्यांना साहाय्य केल्याचा आळ त्यांच्यावर आला. चौकशीत काहीही निष्पन्न झाले नाही. पुढे १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले.

नानांच्या पश्चात त्या रंगमंचाभोवती एक नाट्यनगरीच वसली. व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन, रिपन अशी नाटकगृहे उभी राहिली. इंग्रजी 'प्लेहाऊस' लोकांच्या तोंडी 'पिला हाऊस' झाले. पारशी कंपन्यांच्या गुजराती-उर्दू नाटकांनंतर तमाशाचे फड आले, ढोलकी-घुंगरांनी रात्री गाजू लागल्या. मग चित्रपट आला आणि नाटकगृहांची टॉकीज झाली. फॉकलंड रोडला पुढे पठ्ठे बापूरावांचे नाव मिळाले, ते उचितच. दरम्यान देहविक्रयाची वस्ती वाढली आणि बदनामीच्या सावलीत या परिसराची मूळ ओळख झाकोळली.

नानांची नाटकशाळा आज उरलेली नाही. ग्रँट रोडचेही नाव बदलून मौलाना शौकत अली मार्ग झाले. जुन्या मुंबईच्या शोधात येणारे पर्यटक नाना चौकातून गिरगावकडे वळतात. पुलापलीकडे पूर्वेला जाणारे थोडेच. मुंबईत मराठी नाटकाला पहिला मोठा रंगमंच लाभला तो मात्र तिकडेच. नानांचे ऋण मोजायचे असेल, तर चौकातली पाटी वाचून परत फिरणे पुरेसे नाही. स्थानक ओलांडून पिला हाऊसपर्यंत जावे लागते.