हिशेब चुलीचा

‘सस्टेनेबल’ हा शब्द आपण सेमिनारात ऐकतो, पण मला तो खरा कळला तो जे. सी. कुमारप्पांमुळे. जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावर. लंडनला चार्टर्ड अकौंटंट झाले, मुंबईत जम बसवला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. १९२९ मध्ये गांधीजी भेटले आणि सूटबूट सुटला.

१९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम कुमारप्पांनी उभं केलं. तिथंच मगन चूल तयार झाली. एकाच जाळावर ओळीनं भांडी, धूर धुराड्यातून बाहेर. आचेचा हिशेबच की हा! १९४५ च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये त्यांनी मोठा हिशेब मांडला: खाणीतलं संपतं, झाडाचं पुन्हा उगवतं, जगायचं ते उगवणाऱ्यावर. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते गेले.

आपल्या वरवे बुद्रुकच्या मेसमध्ये गॅस आहे, म्हणजे संपणारंच इंधन. मग पातेल्यावर झाकण का नाही? रिकामा बर्नर का भणभणतो? सिलिंडरचे पैसे आपल्याच मेस बिलात येतात. या महिन्यापासून रोजचा गॅस वहीत मांडू या. करणार ना?